एंडोस्कोपी करूनही रक्त थांबेना : लिव्हर सिरोसिसमधील रक्तस्राव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिरोसिसमध्ये यकृत कडक होते. अशा रुग्णाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात, रक्ताची उलटी होते. दवाखान्यात इंजेक्शने देतात, एंडोस्कोपीच्या दुर्बिणीतून शिरांवर रबरी बँड बसवतात (बँडिंग) आणि बहुतेकांचे रक्त थांबते. दहापैकी एक-दोघांचे मात्र थांबत नाही, किंवा पाच दिवसांच्या आत पुन्हा सुरू होते. हे पान त्या एक-दोघांसाठी आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातले नातेवाईक आणि तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळीला असणारे डॉक्टर, दोघांनाही उपयोगी पडावे असे ते लिहिले आहे. औषधांचे डोस डॉक्टरांसाठी दिले आहेत, घरी वापरण्यासाठी नाहीत.

आप्पांना काल बँडिंग झाले, आज संडास काळीच आहे. उपचार फसला का?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. आतड्यात आधीच उतरलेले रक्त बाहेर पडायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर संडास डांबरासारखी राहते. उपचार फसला असे केव्हा म्हणायचे? औषध सुरू होऊन किंवा एंडोस्कोपी होऊन दोन तास उलटल्यावर ताज्या लाल रक्ताची उलटी झाली, नाकातल्या नळीतून १०० मिलीहून जास्त ताजे रक्त आले, किंवा रक्त चढवलेले नसताना हिमोग्लोबिन ३ ग्रॅमने उतरले तर. त्याआधी नाडी १०० च्या वर जाते, बीपी ९० च्या खाली येते, हातपाय गार पडून घाम सुटतो, लघवी कमी होते. ही चिन्हे दिसली की उलटीची वाट पाहत बसू नका, सिस्टरला लगेच बोलवा.

पहिला उपचार पूर्ण झाला होता की नाही, हे कसे कळणार?

पुढचा मोठा उपाय ठरवण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. ‘उपचार फसला’ असा शेरा असलेल्या केस पेपरवर कित्येकदा दिसते की उपचार अर्धाच झाला होता.

पूर्ण उपचार असा असतो. रक्ताची उलटी आणि सिरोसिसचा संशय एवढ्यावर, एंडोस्कोपीची वाट न पाहता, पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब उतरवणारे औषध सुरू होते. टर्लिप्रेसिन असेल तर दर ४ तासांनी २ मिलिग्रॅम, रक्त थांबल्यावर १ मिलिग्रॅम. ५० किलोच्या आतल्या रुग्णाला सुरुवातीपासूनच १. ऑक्ट्रिओटाइड असेल तर ५० मायक्रोग्रॅमचा पहिला डोस आणि मग ताशी ५० मायक्रोग्रॅम. ५० मिली सिरिंजमध्ये ५०० मायक्रोग्रॅम घालून पंप ताशी ५ मिलीवर लावला की हिशेब जुळतो. हे औषध दोन ते पाच दिवस चालते. पहिल्याच तासात सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम, मग रोज एकदा, जास्तीत जास्त ७ दिवस. एंडोस्कोपी १२ तासांच्या आत, आणि तिच्याआधी अर्धा ते दोन तास एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे जठरातल्या गुठळ्या खाली सरकतात आणि दुर्बिणीला दिसते. एरिथ्रोमायसिनआधी ईसीजीत क्यूटी लांबलेला नाही ना, एवढे पाहावे.

सर्वांत जास्त विसर पडतो तो अँटिबायोटिकचा. आतड्यातले जंतू रक्तात शिरले की पोर्टल दाब वाढतो आणि रक्त पुन्हा सुरू होते. ताप नाही म्हणून अँटिबायोटिक नको, हे सिरोसिसमध्ये चालत नाही.

टर्लिप्रेसिन चालू असताना छातीत दुखणे, बोटे निळी पडणे, सोडियम झपाट्याने उतरणे यांवर नजर हवी. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल किंवा हृदयविकार असेल तर ऑक्ट्रिओटाइड बरे.

सगळे वेळेवर झाले, तरी थांबत का नाही?

हिडकल धरणाच्या कालव्याचे गेट गाळाने अडले तर मागचे पाणी तुंबते आणि जिथे बांध कच्चा तिथे फुटते. बांध तिथे लिंपला तरी पाण्याची पातळी तीच असेल तर तो पुन्हा फुटणार. बँडिंग म्हणजे बांध लिंपणे. गेट म्हणजे कडक झालेले यकृत. पोर्टल शिरा आणि यकृतातून बाहेर पडणारी शिरा यांच्या दाबातला फरक १२ मिलिमीटरच्या पुढे गेला की शिरा फुटण्याचा धोका सुरू होतो. तो २० च्या पुढे असेल तर बँडिंगनंतरही रक्त पुन्हा येण्याची भीती फार.

पण प्रत्येक वेळी दोष दाबाचाच असतो असे नाही, आणि कारणाप्रमाणे उपाय बदलतो. रक्त अन्ननलिकेतून नव्हे, जठराच्या वरच्या भागातल्या शिरेतून येत असेल तर बँडिंगने भागत नाही. बँड गळून पडला की तिथे व्रण उरतो, तो पाचव्या ते चौदाव्या दिवसांत रक्त टाकू शकतो. त्यावर पुन्हा बँड लावणे सहसा जमत नाही. पोर्टल शिरेत गुठळी किंवा यकृतात गाठ असेल तर दाब अचानक चढतो. म्हणून रक्त पुन्हा आले की पोटाची डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी पुन्हा करावी, आणि मूत्रपिंड झेपत असेल तर डाय घालून सीटी. पुढच्या सगळ्या निर्णयांना तोच नकाशा लागतो.

रक्त गेले तेवढे भरून काढायला नको का? डॉक्टर दोनच बाटल्या देतात.

डॉक्टर बरोबर करतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त द्यायचे आणि ७ ते ८ च्या दरम्यान ठेवायचे. १० वर नेले तर शिरांमधला दाब वाढतो आणि थांबलेले रक्त पुन्हा सुरू होते. एक बाटली साधारण १ ग्रॅम चढवते, त्यावरून हिशेब करा. हृदयविकार असेल, किंवा डोळ्यांदेखत रक्त वाहतेय आणि बीपी सापडत नाही, तेव्हा मात्र आकडा बघत थांबत नाहीत. चार-सहा बाटल्या भराभर गेल्या तर कॅल्शियम उतरते आणि अंग गार पडते, आणि दोन्हींमुळे रक्त गोठत नाही. कॅल्शियम द्यावे, रक्त कोमट करून द्यावे.

नातेवाइकांनी रक्तदाते जरूर जमवावेत, पण आणलेली बाटली चढवलीच पाहिजे असा आग्रह धरू नये.

प्लाझ्मा, ट्रॅनेक्सा, व्हिटॅमिन के?

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) सुधारावा म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या देणे या रक्तस्रावात उपयोगाचे नाही, उलट शिरा भरून दाब वाढतो. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडही देऊ नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-इट या सुमारे १२,००० रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण मात्र वाढले. कावीळ बरेच दिवस असेल तर व्हिटॅमिन के देतात, पण चालू रक्त त्याने थांबत नाही.

एंडोस्कोपी परत करून पाहावी का?

एकदा, रुग्ण थोडा सावरलेला असेल तर. दुसऱ्या वेळी हात अनुभवी असावा, श्वासनळीत नळी घातलेली असावी आणि जठराचा वरचा कोपरा दुर्बीण उलटी वळवून नीट पाहावा, कारण पहिल्या वेळी तिथे गुठळ्या असतात आणि तिथली शीर निसटते. रक्त धो धो वाहत असेल किंवा दुसऱ्यांदाही थांबले नाही तर तिसरी एंडोस्कोपी नको. त्यात जाणारे तास पुढच्या उपायाचे असतात.

फुगा घालतात म्हणजे नेमके काय?

सेंगस्टाकेन-ब्लेकमोर नावाची रबरी नळी असते. तिला दोन फुगे असतात, एक जठरात बसणारा गोल, दुसरा अन्ननलिकेत बसणारा लांबट. आतून दाबून शीर बंद करणे एवढेच तिचे काम. दहापैकी आठ-नऊ जणांचे रक्त ती थांबवते, पण फुगा सोडला की निम्म्या लोकांचे पुन्हा सुरू होते. म्हणून हा उपचार नव्हे, पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंतचा पूल आहे. पुढे कुठे जायचे ते ठरल्याशिवाय फुगा घालू नये, हे आमचे ठाम मत आहे.

ज्यांना तो घालावा लागतो त्यांच्यासाठी पायऱ्या लिहितो, कारण यात चुकले तर अन्ननलिका फाटते. आधी श्वासनळीत नळी घाला, शुद्धीवरच्या रुग्णालासुद्धा. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या नळीचे रबर चिरलेले असते, म्हणून तारीख बघा आणि दोन्ही फुगे पाण्याखाली फुगवून बुडबुडे येतात का ते पाहा. फुगे पूर्ण रिकामे करून, जेली लावून नळी तोंडातून ५० ते ५५ सेंटिमीटरपर्यंत सरकवा. जठराच्या फुग्यात फक्त ५० मिली हवा भरा आणि एक्स-रे काढा. फुगा छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली, जठरातच दिसला पाहिजे. स्टेथोस्कोपच्या आवाजावर विसंबू नका. हीच ती जागा जिथे घाई जिवावर बेतते: फुगा अन्ननलिकेत असताना पूर्ण फुगवला की ती फाटते.

एक्स-रे बरोबर आला की हवा २५० मिलीपर्यंत न्या. मिनेसोटा नळी असेल तर तिचा फुगा मोठा असतो, तिला ४५० ते ५०० लागते. फुग्याच्या वाटेच्या तोंडाला चिमटा लावा, अडेपर्यंत हलके ओढा, दातांपाशी नळीवर खूण करा आणि ५०० मिली सलाइनच्या पिशवीचे वजन कप्पीवरून लटकवा. पुष्कळदा एवढ्यावरच रक्त थांबते. नाही थांबले तरच अन्ननलिकेचा फुगा, तोही बीपी मशीनचा मीटर जोडून ३० ते ४५ मिलिमीटर दाबापर्यंत. सेंगस्टाकेनच्या नळीला अन्ननलिकेतली लाळ ओढायला वेगळे भोक नसते, म्हणून एक साधी रायल्स ट्यूब (नाकातून घालायची नळी) वरच्या फुग्याच्या जरा वर ठेवून सतत ओढत राहावे.

मोठी कात्री कॉटला चिकटवून ठेवा. फुगा वर सरकून श्वास अडला तर नळी दातांपाशी आडवी कापायची, सगळ्या वाटा एकदम मोकळ्या होतात.

फुगा किती वेळ ठेवता येतो?

२४ तास, त्याहून जास्त नाही. आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा दबून ते कुजते. वेळ घालताक्षणी केस पेपरवर लिहा आणि रुग्ण हलवताना तीच वेळ कागदाने पुढे जाऊ द्या.

फुग्याऐवजी स्टेंट ऐकला आहे.

अन्ननलिकेसाठी खास झाकलेला जाळीचा धातूचा स्टेंट मिळतो. तो उघडून आतून दाब देतो आणि सात दिवसांपर्यंत ठेवता येतो, रुग्ण गिळू शकतो, अन्ननलिका फाटण्याची भीती फुग्यापेक्षा कमी. जिथे मिळतो तिथे तो फुग्यापेक्षा चांगला. त्रास दोन: तो जठरात घसरू शकतो, आणि जठरातल्या शिरांवर त्याचा काही उपयोग नाही. दवाखान्यात ठेवलेला आहे का, हे आधी विचारावे, कारण मागवायला लागला तर वेळ निघून जाते.

टिप्स म्हणजे काय?

कालव्याच्याच भाषेत, टिप्स म्हणजे सांडवा. गेट उघडत नाही म्हणून तुंबलेल्या पाण्याला बाजूने वाट करून देणे.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेवर बघत शिरांतून उपचार करणारा डॉक्टर, मानेतल्या उजव्या मोठ्या शिरेतून तार-नळी यकृताच्या शिरेत नेतो. तिथून एक्स-रेच्या पडद्यावर बघत यकृताच्या मांसातून सुई पार करून पोर्टल शिरेची फांदी गाठतो. ती वाट फुग्याने रुंद करतो आणि तिच्यात पीटीएफई या प्लास्टिकचे अस्तर असलेला (झाकलेला) ८ ते १० मिलिमीटरचा स्टेंट बसवतो. अस्तर नसलेले जुने स्टेंट लवकर बंद पडत, ते आता वापरू नयेत. शेवटी दाब मोजतात: फरक १२ मिलिमीटरच्या खाली आला पाहिजे. रक्त टाकणाऱ्या शिरा त्याच बैठकीत कॉइलने (धातूच्या बारीक गुंडाळीने) बंद करतात. सगळे नीट चालले तर दीड ते तीन तास, बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन.

रक्त थांबते का? दहापैकी नऊ जणांचे थांबते. पण एवढा रक्तस्राव झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यानंतर टिप्स केले तर सहा आठवड्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण तिघांत एकाच्या आसपास किंवा त्याहून जास्त राहते. रक्त थांबलेले असते, यकृत आणि मूत्रपिंड थकलेले असतात. म्हणूनच तास मोजावे लागतात.

मग वाट न पाहता आधीच टिप्स का करत नाहीत?

काहींना करावे असेच आजचे शास्त्र सांगते. बावेनो-७ या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार ज्यांचा चाइल्ड-पू स्कोअर (यकृत किती थकले ते सांगणारे गुण) १० ते १३ आहे, किंवा ८-९ असून एंडोस्कोपी करताना रक्त वाहताना दिसले, अशांना रक्त पुन्हा यायची वाट न पाहता ७२ तासांत, जमल्यास २४ तासांत टिप्स करावे. याने जीव वाचतात. स्कोअर काढायला बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातले पाणी आणि शुद्धीची अवस्था एवढेच लागते, प्रत्येकाला १ ते ३ गुण. तालुक्याच्या दवाखान्यात पहिल्या रात्रीच तो लिहिता येतो.

नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी विचारावे: ‘डॉक्टर, पेशंटचा चाइल्ड स्कोअर किती? टिप्सची सोय इथे आहे का, नसेल तर कुठे?’ पुढे पाठवायचे असेल तर सर्वांत चांगली वेळ पहिल्यांदा रक्त थांबल्यानंतरची असते.

टिप्स कोणाला करू नये?

हृदय कमकुवत असेल, फुप्फुसातल्या शिरांचा दाब फार असेल, जंतुसंसर्ग आटोक्यात नसेल तर नाही, म्हणून आधी टूडी इको होतो. पोर्टल शिरेतली गुठळी ही अडचण आहे, पक्का नकार नव्हे. वेडसरपणा (यकृताच्या आजारात शुद्ध बिघडणे) रक्तस्रावामुळे आलेला असेल तर तोही नकार नाही, रक्त थांबल्यावर तो ओसरतो.

आणि काही वेळा करून उपयोग नसतो. चाइल्ड स्कोअर १४-१५, किंवा मेल्ड (यकृताच्या आजाराची तीव्रता मोजणारा दुसरा स्कोअर) ३० च्या वर आणि रक्तातले लॅक्टेट १२ च्या वर असेल, आणि ट्रान्सप्लांट शक्य नसेल, तर टिप्सने जीव वाचण्याची आशा जवळजवळ नसते. अशा वेळी चारशे-पाचशे किलोमीटर नेण्यात रुग्ण वाटेतच जातो. घरातल्यांना हे स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे काम आहे, आणि श्वासाचा त्रास, घाबरगुंडी, तहान यांवर उपचार तरीही चालूच ठेवायचे असतात. अंगाखाली गडद रंगाची चादर घालावी, लाल रक्त पाहून माणूस स्वतःच भेदरतो.

जठरातल्या शिरांना वेगळे काय करतात?

सायनोअ‍ॅक्रिलेट नावाचा गोंद दुर्बिणीतून शिरेत भरतात, एका वेळी अर्धा ते एक मिली. तो क्षणात घट्ट होतो. कधी त्याचा तुकडा फुप्फुसात जातो, म्हणून नंतर धाप लागली तर दुर्लक्ष करू नये. एंडोसोनोग्राफीने (दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने) आधी कॉइल सोडून मग गोंद भरला तर हा धोका घटतो.

याने भागले नाही तर टिप्स, किंवा बीआरटीओ. जठराच्या शिरा डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडलेल्या असतील, आणि हे सीटीत दिसते, तर उलट्या बाजूने शिरून फुग्याने वाट अडवतात आणि शिरा औषधाने बुजवतात. बीआरटीओचा मोठा गुण म्हणजे रुग्णाला वेडसरपणा येत नाही. पण सांडवा काढण्याऐवजी एक वाट बंद केल्याने पोर्टल दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी वाढते. पुढे एंडोस्कोपी चुकवू नये.

बेळगावहून पुढे न्यायचे तर कुठे आणि कसे?

टिप्स करणारा माणूस, कॅथलॅब, आयसीयू आणि रक्तपेढी या चार गोष्टी आज रात्री एका छपराखाली आहेत का, एवढाच निकष. आधी बेळगाव शहरातच विचारा, मग अंतर बघा. हुबळी आणि कोल्हापूर बेळगावपासून सुमारे शंभर किलोमीटर, पुणे सुमारे ३४०, बंगळूर सुमारे ५००. निपाणीकराला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, म्हणून आधी बेळगावला येऊन मग परत तिकडे जाण्यात अर्थ नाही. गोव्याकडे चोर्ला घाटातून नळ्या लावलेला, रक्त टाकणारा रुग्ण नेणे आम्हाला पटत नाही. वळणांवर फुगा हलतो आणि मध्ये मोठा दवाखाना नाही.

निघण्याआधी डॉक्टरांनी डॉक्टरांशी फोनवर बोललेच पाहिजे. चार प्रश्न: टिप्स करणारे आज उपलब्ध आहेत का, झाकलेला स्टेंट शिल्लक आहे का, आयसीयूत बेड राखला का, आणि आमच्या रक्तगटाचे रक्त आहे का. ‘या, बघू’ एवढ्या उत्तरावर रुग्ण हलवू नये.

गाडीत: दोन जाड सलाइनच्या सुया, १६ किंवा १८ नंबरच्या. उलटी किंवा गुंगी असेल तर श्वासनळीत नळी घालूनच निघावे. बॅटरीवर चालणारे सक्शन आणि पंप. थंड पेटीत क्रॉसमॅच केलेले दोन पॅक सेल, सोबत त्याचे कागद. कात्री. पुण्याचा प्रवास सहा-सात तासांचा, म्हणजे टर्लिप्रेसिनचा एक डोस वाटेतच येतो. तो भरून, वेळ लिहून सिस्टरच्या हाती द्यावा. सिस्टोलिक बीपी ९० च्या आसपास टिकत नसेल तर आधी फुगा किंवा स्टेंट, मग गाडी.

हुबळी-बंगळूरला जाताना घरातले कन्नड बोलणारे कोणी सोबत घ्या. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर ते मराठीत समजावून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सही त्यानंतर.

खर्चाला कुठली योजना चालते?

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. खासगी दवाखान्यासाठी सरकारी दवाखान्याचे रेफरल पत्र लागते. बेळगावात हे पत्र बीम्सच्या जिल्हा रुग्णालयातून, म्हणजे आपल्या सिव्हिलमधून मिळते. तातडीच्या केसला त्यातून सूट असते, पण केस पेपरवर तातडीचे कारण लिहिलेले हवे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू केली. त्यावरून दोन्ही राज्यांत वाद आहे, म्हणून कोल्हापूर-पुण्याला निघण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला) गावाचे नाव सांगून फोनवरच खात्री करा. आणि विचारा की पॅकेजमध्ये झाकलेल्या स्टेंटची किंमत धरली आहे का. सर्वांत मोठा खर्च तोच असतो.

कणकुंबी-जांबोटीकडे रात्री रक्ताची उलटी झाली तर?

१०८ ला फोन. डाव्या कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, गुंगीत उलटी फुप्फुसात जाते. जुनी फाइल आणि गोळ्यांची पिशवी घ्या. सिरोसिस आहे हे दारातच सांगा, म्हणजे औषध दारातच सुरू होते.

टिप्सनंतर आई विसरायला लागली, रात्री जागते, दिवसा झोपते.

सांडव्याने रक्त यकृताला वळसा घालून जाते, त्यामुळे अमोनिया गाळला जात नाही. तिघांत एकाला हे होते. लॅक्टुलोज असे द्यायचे की दिवसाला दोन-तीन मऊ संडास व्हाव्यात. पाण्यासारखी होऊ लागली तर कमी करा, नाहीतर सोडियम-पोटॅशियम बिघडते. सोबत रिफाक्सिमिन ५५० मिलिग्रॅम दोन वेळा. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग आणि झोपेची गोळी ही नेहमीची कारणे आधी शोधा. डाळ-दूध बंद करू नका, प्रथिने तोडल्याने स्नायू झिजतात आणि वेडसरपणा वाढतो. फार झाले तर स्टेंट आतून अरुंद करता येतो.

बँडिंगनंतर भाकरी कधी?

पहिला दिवस गार पातळ, मग आठवडाभर मऊ भात, पेज, नाचणीची आंबील, दही. जोंधळ्याची कडक भाकरी आणि ठेचा दहा-बारा दिवसांनी. रात्री झोपताना काहीतरी खाल्लेच पाहिजे, उपाशी रात्र सिरोसिसमध्ये स्नायू खाते. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, म्हणजे लोणचे, पापड, सुकी मासळी बंद.

पुन्हा होऊ नये म्हणून?

टिप्स झाले नसेल तर कार्व्हेडिलॉल ६.२५ मिलिग्रॅमने सुरू करून १२.५ पर्यंत, सिस्टोलिक बीपी ९० च्या वर राहील असे. सोबत दर दोन ते चार आठवड्यांनी बँडिंग, शिरा नाहीशा होईपर्यंत. एकट्या गोळीवर किंवा एकट्या बँडिंगवर राहू नये. टिप्सची वाट मोकळी असेल तर या दोन्हींची सहसा गरज नसते, डॉप्लर मात्र दर सहा महिन्यांनी.

दारू पूर्ण बंद, ‘फक्त बिअर’ सुद्धा नाही. हिपॅटायटिस बी-सी ची औषधे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, ती घ्या. अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम नको. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालते. काविळीचा झाडपाला आणि काढा देणारे आपल्या भागात गावोगाव आहेत. सिरोसिस झालेल्या यकृताला ते झेपत नाही, आणि त्यात गेलेले आठवडे भरून येत नाहीत.

ट्रान्सप्लांटचा विचार कधी?

एवढा रक्तस्राव झाला आणि स्कोअर चाइल्ड-सी मध्ये (१० किंवा जास्त) असेल तर लगेच, घरी सोडण्याआधी. मृत दात्याच्या यकृतासाठी कर्नाटकात जीवसार्थकते या संस्थेच्या यादीत, पुण्याच्या केंद्रातून घ्यायचे असेल तर तिथल्या झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाच्या विभागीय समितीच्या) यादीत नाव दवाखान्यामार्फतच लागते. घरातला दाता असेल तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे नात्याचे पुरावे लागतात. आधार कार्ड आणि रेशन कार्डावरची नावे जुळत नसतील तर ती दुरुस्ती आजच सुरू करा. तिला महिने लागतात.

डिस्चार्जच्या वेळी कुठले कागद मागायचे?

एंडोस्कोपीचा रिपोर्ट फोटोंसह, किती बँड बसवले आणि कुठे. टिप्स झाले असेल तर स्टेंटची कंपनी, लांबी-रुंदी आणि दाबाचे आधीचे-नंतरचे आकडे. सीटीची सीडी, नुसता कागद नव्हे. रक्तगट. शेवटचे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिएटिनिन. सगळ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये, आणि मूळ फाइल दाराजवळच्या खुंटीला.